जीमेल भरलं. थंडरबर्डमध्ये मेल उतरवले तर जागा होईल का?

सोनटक्का

बाबांच्या जीमेलची जागा संपली आहे. १५ जीबी भरत आल्याची पट्टी बरेच दिवस वर दिसत होती, आता नवे मेल येणंच थांबलंय. ज्यांनी पाठवले त्यांना ते परत जाताहेत आणि लोक फोन करून विचारताहेत.

बाबा मराठीचे प्राध्यापक होते. निवृत्त झाले तरी ओव्या आणि स्त्रीगीतांवरचं काम चालूच आहे. २००५ पासूनचा पत्रव्यवहार, गावोगावच्या लोकांनी पाठवलेल्या ओव्या, जात्यावरच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं, स्कॅन केलेल्या वह्या, सगळं या एका खात्यात आहे. त्यातलं काही पुसायला ते तयार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

भाऊ म्हणतो, पैसे भरून जागा वाढव आणि विषय संपव. ऑफिसातला एक जण म्हणाला, लॅपटॉपवर थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्राम टाक, सगळे मेल उतरतील, मग जीमेलवरचे उडव. मी आजवर मेल फक्त ब्राउझरमध्ये आणि फोनवर पाहिलाय. थंडरबर्डमध्ये आलेला मेल खरंच आपल्या मशिनवर असतो का? जीमेलवरून पुसल्यावर तो तिथे टिकतो का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

कडीपत्ता

पैसे भरायच्या किंवा काही पुसायच्या आधी जागा कशाने खाल्ली ते बघा. ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत. मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात ते वाटलेले असतात. जून २०२१ पासून फोनवरून चढणारे फोटोही त्यातच मोजतात. बाबांचा फोन अँड्रॉइड असेल तर वॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा त्यात धरला जातो. आधी तो मोफत असायचा, आता नाही. खात्याच्या स्टोरेजच्या पानावर कुणी किती घेतलंय ते वेगवेगळं दाखवतात.

टाचण

सोनटक्का, कडीपत्ता म्हणतात ते आधी बघाच. पण त्याहून आधी एक विनंती, जीमेलवरचा एकही मेल अजून पुसू नका. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात बाबांचा संग्रह जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेल कशात वाचता यापेक्षा मेलची मूळ प्रत कुठे आहे हे महत्त्वाचं. ब्राउझरमध्ये जीमेल उघडता तेव्हा मेल गूगलच्या सर्व्हरवर असतो आणि तुम्हाला त्याचं पान दिसतं. तुमच्या लॅपटॉपवर टिकणारं असं काही राहत नाही. लॅपटॉप पाण्यात पडला तरी मेल सुखरूप. उलट खातं बंद पडलं, पासवर्ड गेला, तर हातात शून्य.

थंडरबर्ड, आउटलुक, अॅपल मेल असे प्रोग्राम सर्व्हरशी दोनपैकी एका रीतीने बोलतात. जुनी रीत पॉप. पोस्टात जाऊन आपली पत्रं घरी आणावीत तसा तो प्रकार. पत्र घरी आलं की पोस्टात उरत नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असं सांगायची सोय असते, पण पॉपचा मूळ स्वभाव उचलून आणण्याचा. दुसरी रीत आयमॅप. १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी ती काढली. इथे मूळ मेल सर्व्हरवरच राहतो, आणि तुमचा लॅपटॉप, फोन, ऑफिसचं मशीन सगळे त्याच्याशी जुळवून घेतात. फोनवर वाचला की लॅपटॉपवरही वाचलेला दिसतो. फोल्डर केला की सगळीकडे होतो.

आणि पुसला की सगळीकडून जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. आज थंडरबर्डमध्ये जीमेलचं खातं घातलंत तर ते आपोआप आयमॅपनेच जोडलं जातं. सगळे मेल लॅपटॉपवर उतरतील, नेट बंद करूनही वाचता येतील, हे खरं. पण ती प्रत सर्व्हरच्या मागोमाग चालणारी आहे. तुम्ही ब्राउझरमध्ये जाऊन जुने मेल पुसले की थंडरबर्ड पुढच्या वेळी जीमेलशी बोलेल, तिथे मेल नाहीत असं त्याला कळेल, आणि ते इमानेइतबारे लॅपटॉपवरचेही काढून टाकेल. थंडरबर्डमध्ये पुसले तर ते जीमेलच्या ट्रॅशमध्ये जातील आणि तिथून ३० दिवसांनी कायमचे.

आयमॅपला लोक बॅकअप समजतात. तो बॅकअप नाही.

यावर उपाय थंडरबर्डमध्येच आहे. डावीकडच्या यादीत खात्याच्या खाली ‘लोकल फोल्डर्स’ नावाची वेगळी जागा दिसेल. तिचा कुठल्याही सर्व्हरशी संबंध नाही, तिथलं सगळं फक्त तुमच्या डिस्कवर. तिथे वर्षवार फोल्डर करा, २००५, २००६ असे, आणि जीमेलच्या ‘ऑल मेल’मधून त्या त्या वर्षाचे मेल निवडून तिथे कॉपी करा. ‘मूव्ह’ नको, कॉपीच. मध्येच नेट गेलं तर कॉपीत नुकसान होत नाही. एका दिवसात आयमॅपवरून किती उतरवू द्यायचं यावर गूगलची मर्यादा असते, म्हणून घाई न करता थोडं थोडं घ्या.

‘ऑल मेल’ म्हटलं त्याला कारण आहे. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला ‘ओव्या’ आणि ‘महत्त्वाचे’ अशी दोन लेबलं असतील तर थंडरबर्डमध्ये तो दोन फोल्डरांत दिसतो. सगळे फोल्डर एकेक करून कॉपी केलेत तर तोच मेल दोनदा-तीनदा साठेल. ‘ऑल मेल’मध्ये प्रत्येक मेल एकदाच असतो, पाठवलेलेसुद्धा तिथेच सापडतात.

पाणपोई

टाचण, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

यात एक भर. गूगलची टेकआउट नावाची सोय आहे. तिथे फक्त मेल निवडलं की पूर्ण पेटारा एमबॉक्स नावाच्या प्रकारात उतरवायला मिळतो. प्रत्येक मेलची लेबलंही आत नोंदलेली असतात. थंडरबर्डला एक अॅड-ऑन (जोड-प्रोग्राम) घालून तो लोकल फोल्डर्समध्ये आणता येतो. मेल खूप असतील तर आयमॅपने वर्षवार ओढत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. एमबॉक्स म्हणजे साधी मजकुराची फाइल, एकामागून एक मेल लिहिलेले. उद्या थंडरबर्ड नसलं तरी दुसरा कुठलातरी प्रोग्राम ती वाचू शकेल. संग्रह करायचा असेल तर याचं मोल मोठं आहे.

लेथ_मशीन

टाचण यांनी पॉपचं लिहिलंय ते ज्यांची स्वतःच्या डोमेनवरची, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पत्त्यावरची मेल आहे त्यांनी नीट वाचावं. मी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटरं बघतो. बऱ्याच ठिकाणी चित्र असं: होस्टिंगवाल्याने मेलला जागा थोडीच दिलेली, म्हणून कधीकाळी कुणीतरी अकाउंट्सच्या मशिनवर आउटलुक पॉपने जोडलं आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची असं ठरवलं. जागेचा प्रश्न मिटला.

मग मालकांनी तीच मेल फोनवर घेतली. तक्रार सुरू, ‘फोनवर कधी मेल दिसतो, कधी दिसतच नाही.’ मोबाइल बदलून झाला, सिम बदलून झालं. कारण साधं होतं. ऑफिसातलं आउटलुक दर काही मिनिटांनी सर्व्हरवर जाऊन मेल उचलून नेत होतं. फोन पोचेपर्यंत पेटी रिकामी. ऑफिस बंद असताना आलेले मेल तेवढे फोनला सापडायचे. रविवारी मेल दिसतात आणि सोमवारी गायब होतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हाच कुठे दुखतंय ते कळलं.

त्याहून वाईट म्हणजे सगळ्या पर्चेस ऑर्डरी, ड्रॉइंगं, कस्टमरशी झालेली बोलणी त्या एका मशिनवर, एका पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुक मेल साठवतं त्या फाइलमध्ये. आउटलुक २००३ च्या आधीच्या पीएसटीला २ जीबीची हद्द होती. ती गाठली की फाइल बिघडायची आणि उघडेनाशी व्हायची. नव्या प्रकाराची हद्द ५० जीबी आहे, पण हार्ड डिस्क गेली तर हद्द कितीही असून काय उपयोग? पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून आउटलुकला तिथून चालवायची युक्तीही करू नका, मायक्रोसॉफ्टच नको म्हणतं, फाइल खराब होते. आउटलुक बंद करायचं, फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, हे दर आठवड्याला ज्याच्याकडून होईल त्यानेच पॉप वापरावं. बाकीच्यांनी आयमॅप घ्या, आणि होस्टिंगवाल्याला पैसे देऊन जागा वाढवून घ्या.

मनमाड_पॅसेंजर

मेल असा एका खात्यात का साठत गेला, ते सुरुवातीच्या काळात नेट वापरलेल्यांना आठवत असेल. आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबईसह चार महानगरांत. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी, आणि जोडलेलं असेपर्यंत फोनचं मीटर चालू. तेव्हा मेल वाचायला नेट लागत नसे, मेल आणायला लागे. युडोरा किंवा पुढे आउटलुक एक्स्प्रेस उघडायचं, नेट जोडायचं, मेल घ्यायचे, लगेच तोडायचं. मग शांतपणे वाचायचे, उत्तरं लिहून ठेवायची, पुन्हा जोडून पाठवायची. परदेशी गेलेल्या मुलांची पत्रं आईवडील अशीच वाचत. घरचा प्रोग्राम तेव्हा काटकसरीसाठी होता.

वेबमेल आली ती ज्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता त्यांच्यासाठी वरदान ठरली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केलं, पुढच्या वर्षाअखेर मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आपल्या मुंबईच्या रेडिफचं रेडिफमेल होतं. सायबर कॅफेत बसलेल्या मुलाला स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला, ही गोष्ट लहान नव्हती. नोकरीचे अर्ज, परदेशी विद्यापीठांशी पत्रव्यवहार, सगळं त्यावर झालं. पण जागा बघा. २००४ साली हॉटमेल २ एमबी देत होतं. एक स्कॅन केलेलं पान आलं की पेटी भरली. पुसत राहणं भाग होतं.

१ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी घेऊन आलं आणि ‘आता काही पुसू नका’ म्हणालं. आपण सगळ्यांनी ते ऐकलं. सोनटक्कांच्या बाबांनीही ऐकलं. वीस वर्षांचा संग्रह एका खात्यात का साठला, त्याचं उत्तर तिथे आहे. त्यात बाबांची काहीच चूक नाही.

सातासमुद्रापार

एक सावधगिरीची सूचना. विंडोजवर ‘आउटलुक (नवीन)’ दिसतं ते डेस्कटॉपचा प्रोग्राम समजून वापरू नका. पूर्वीचं मेल नावाचं अॅप मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केलं आणि लोकांना या नव्या आउटलुककडे नेलं. ते आतून वेबमेलच आहे, वेगळ्या खिडकीत उघडलेलं. त्यात जीमेल किंवा दुसरं आयमॅप खातं घातलं की मेल आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जातात आणि तिथून तुम्हाला दिसतात. म्हणजे प्रत तुमच्याकडे येण्याऐवजी आणखी एका कंपनीकडे जाते. टास्कबारवर आयकॉन आहे एवढ्यावरून मेल आपल्या डिस्कवर आहे असं धरू नये. जुनं ‘क्लासिक’ आउटलुक वेगळं, लेथ_मशीन म्हणतात ते तेच.

अनुस्वार

जुना मराठी पत्रव्यवहार आहे म्हणून लिहिते. २००५ च्या आसपास बरेच जण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनवर सारखंच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, लिहीत नव्हते. कुणी श्रीलिपी, कुणी शिवाजी, कुणी डीव्हीच्या फाँटमध्ये टाइप करून तोच मजकूर मेलमध्ये चिकटवायचे. तो मेल आज कुठेही उघडा, रोमन अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ दिसते, कारण आत अक्षरं रोमनच आहेत, मराठी रूप त्यांना फाँटने दिलेलं होतं. मेल उतरवलात तर तो तसाच उतरेल. म्हणून बाबांच्या जुन्या मशिनवर ते फाँट असतील तर त्यांच्याही फाइली काढून संग्रहाशेजारी ठेवा. फाँट असेल तर तो मजकूर कॉपी करून वर्डमध्ये वाचता येतो, आणि फाँटनिहाय परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो. ओव्यांच्या बाबतीत हे काम करण्यासारखंच आहे. पाठवणाऱ्या किती बायका आज हयात असतील, आणि त्यांच्या ओव्या दुसरीकडे कुठे लिहिलेल्या असतील?

काही मेल मात्र युनिकोडमध्येच असूनही चुकीच्या एन्कोडिंगमुळे विचित्र दिसतात. त्यांच्यासाठी थंडरबर्डमध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे. एका क्लिकमध्ये मराठी उमटलं तर तो मेल या दुसऱ्या जातीचा.

कडीपत्ता

अनुस्वार यांना अनुमोदन. मला हे सुचलंच नव्हतं.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टोरेजचं पान बघितलं. कडीपत्ता, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मेल चार जीबीसुद्धा नाहीत. फोटो साडेतीन, आणि वॉट्सअॅपचा बॅकअप जवळजवळ सात! सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, नवा बॅकअप घेतला, जागा झाली आणि मेल यायला लागले. एकही मेल पुसावा लागला नाही.

पण आता संग्रह घरात हवा असं बाबांनाही वाटायला लागलंय. त्यासाठी थंडरबर्ड टाकतेच आहे. फोनवर आणि ब्राउझरमध्ये बाबा आहे तसंच वापरतील ना? त्यांची सवय मोडायची नाही.

टाचण

हो, अगदी तसंच. रोजचं वाचणं-लिहिणं जीमेलमध्येच राहू दे. शोधायला जीमेल सरस आहे, स्पॅम तिथे नीट गाळला जातो, आणि जीमेलमध्ये लावलेले फिल्टर सर्व्हरवर चोवीस तास चालतात. थंडरबर्डचे फिल्टर थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच चालतात. त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवरच्या थंडरबर्डचं काम एकच, घरची प्रत.

खातं जोडताना ते ब्राउझरसारखी गूगलची खिडकी उघडेल, पासवर्ड तिथे द्यायचा. मे २०२२ अखेरपासून नुसता पासवर्ड घेऊन जोडणारे जुने प्रोग्राम गूगलने बंद केलेत, म्हणून जुन्या मशिनवरचं आउटलुक एक्स्प्रेस या कामाला चालणार नाही.

पाणपोई

आणि लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी असू द्या. वेबमेलमध्ये लॅपटॉप चोरीला गेला तर दुसरीकडून पासवर्ड बदलून भागतं. लोकल फोल्डर्समधले मेल डिस्क हातात पडली की कुणीही वाचू शकतो. बाबांना लोकांनी विश्वासाने लिहिलेली पत्रं आहेत ती.

सोनटक्का

२००५ ते २०१२ झालं. टेकआउट मागवलं होतं, पण मला वर्षवार स्वतः बघत जायचं होतं म्हणून आयमॅपनेच कॉपी केले. दर वर्षी ‘ऑल मेल’मधली निवडलेल्या मेलांची संख्या आणि लोकल फोल्डरमधली संख्या ताडून बघते. २००९ मध्ये फरक आला, मध्येच वाय-फाय तुटलं होतं. तो फोल्डर रिकामा करून पुन्हा कॉपी केला, मग जुळला. पुढची चाचणी नेट बंद करून: त्या वर्षातला एक मेल उघडायचा, जोडलेलं रेकॉर्डिंग वाजवून बघायचं. २००८ मधलं वाईकडच्या एका आजींचं रेकॉर्डिंग असंच नेट नसताना वाजलं. बाबा शेजारी बसून ओवी लिहून घेत होते, कारण त्यांच्या वहीत दुसरी ओळ वेगळी आहे.

अनुस्वार, फाँटचे मेल सापडले, बरेच आहेत. जुन्या मशिनवरून श्रीलिपीचे फाँट मिळाले. दोन प्रकार मात्र ओळखू येत नाहीत. नमुना इथे टाकला तर बघाल का?

अनुस्वार

जरूर टाका. पाठवणाऱ्यांची नावं-पत्ते काढून टाका, दोन-तीन ओळी पुरतात. मेल एचटीएमएलमध्ये असेल तर थंडरबर्डमध्ये त्याचा सोर्स उघडा, कंट्रोल आणि यू. ‘फाँट फेस’ या शब्दांपुढे फाँटचं नाव बहुतेक तिथेच लिहिलेलं सापडेल.

लेथ_मशीन

सोनटक्का, लॅपटॉपवर आलं म्हणजे काम संपलं असं नाही, लॅपटॉपही एक दिवस जाणारच. थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड आपलं सगळं जिथे ठेवतं तो, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यात ‘आयमॅपमेल’ आणि ‘मेल’ असे दोन फोल्डर दिसतील. पहिला जीमेलच्या मागे चालणारा, दुसऱ्यात लोकल फोल्डर्स. जागा कमी असेल तर दुसरा तरी घ्याच. जमलं तर अशा दोन डिस्क करा आणि एक भावाकडे ठेवा.